काचेतल्या मुळांनाही वापसा हवा



झड लागली की शेतात काय होतं, ते तुम्हाला सांगायला नको. आठ दिवस पाणी साचून राहिलं की कपाशी पिवळी पडते, सोयाबीन मान टाकतं. पाणी भरपूर असतं, तरी पीक सुकतं. कारण मुळांना हवा मिळत नाही. म्हणून आपण वापशाची वाट पाहतो. आज आम्ही काचेच्या बरणीतल्या इवल्याशा ऑर्किडबद्दल बोलणार आहोत. पण गोष्ट तीच आहे, वापशाची.

मागच्या वर्षी आमच्या गटानं ठरवलं, दिवाळीच्या विक्रीत पापड-कुरडयांसोबत काहीतरी नवीन ठेवू. काचेच्या बरणीत लाकडाचा तुकडा आणि त्यावर बांधलेलं बोटभर ऑर्किड. शहरात याला टेरॅरियम म्हणतात, लोक भेट द्यायला घेतात. गटाच्या बचतीतून सहा हजार रुपये काढले आणि रोपवाटिकेतून वीस रोपं मागवली. दोन महिन्यांत चौदा मेली.

बैठकीत वाद झाला. कोणी पाणी द्यायचं विसरलं का, म्हणून एकमेकींना विचारू लागलो. तेव्हा कळलं, विसरलं कोणीच नव्हतं. रोज सकाळी तिघी तिघी येऊन पाणी घालत होत्या. आमच्यातली सगळ्यात वयस्कर मावशी म्हणाली, "पाणी देऊ देऊ मारलं बाई आपन."

मावशीचं खरं होतं. या झाडाचा स्वभावच आम्हाला माहीत नव्हता.

ऑर्किडला मराठीत आमरी म्हणतात. आपल्या मेळघाटात मोठ्या झाडांच्या फांद्यांवर रास्ना दिसते, तीही आमरीच. कोकणाकडची सीतेची वेणीही याच कुळातली. ही झाडावर वाढते म्हणून पुष्कळ लोक तिला बांडगूळ समजतात. तसं नाही. बांडगूळ दुसऱ्या झाडाचा रस पितं. आमरी सालीला फक्त धरून राहते. तिची मुळं उघड्यावर असतात. पाऊस आला की भिजतात, वारा लागला की वाळतात. रोज ओलं, रोज कोरडं, अशीच त्यांना सवय.

या मुळांवर पांढरा, स्पंजासारखा थर असतो. तो पाणी पटकन शोषून घेतो. कोरडं मूळ चांदीसारखं पांढरट दिसतं, भिजलं की हिरवं होतं. म्हणजे पाणी कधी द्यायचं, हे मूळच सांगतं. हिरवं असेल तर थांबा. पांढरं झालं की द्या. टोकाशी हिरवा किंवा लालसर कोंब दिसला तर मूळ वाढतं आहे, त्याला हात लावू नका. मूळ तपकिरी, मऊ झालं, आणि ओढल्यावर वरची साल निघून आत दोरा राहिला, तर ते सडलेलं आहे.

लहान ऑर्किडची मुळं बारीक असतात, त्यामुळे ती लवकर वाळतात. म्हणून तर त्यांना बरणीत ठेवतात, आतली हवा दमट राहते. पण बरणीत वारा नसतो, म्हणून तीच मुळं लवकर सडतातही. लक्षात ठेवायचं ते एवढंच: हवा दमट असू द्या, पण मूळ रोज कोरडं होऊ द्या.

आता बांधणीचं बोलू. लाकूड पूर्ण वाळलेलं आणि कडक घ्या. ओल्या लाकडावर बुरशी धरते. खडबडीत साल असली तर मुळांना धरायला बरं. आधी उकळत्या पाण्यातून काढा आणि उन्हात वाळवा. आम्ही पहिल्यांदा मुळांभोवती शेवाळाची जाड गादी केली होती. रोप आरामात राहील असं वाटलं. ती गादी आठ-आठ दिवस ओली राहायची, आणि मुळं आतल्या आत सडली. आता शेवाळाचा पातळ पदर ठेवतो, तोही मुळांच्या खाली. मुळं वर मोकळी दिसली पाहिजेत. बांधायला सुती किंवा नायलॉनचा धागा घ्या. तांब्याची तार नको, तांबं या मुळांना बाधतं. लाकूड बरणीत तिरपं किंवा उभं ठेवा, म्हणजे पाणी निथळतं. तळाशी पाणी साचू देऊ नका.

दुसरी चूक पाण्याची. आमचं गाव दर्यापूरकडचं, खारपाणपट्ट्यातलं. अमरावती, अकोला, बुलढाणा जिल्ह्यांत पूर्णेच्या खोऱ्यातल्या कितीतरी गावांत विहिरीचं पाणी खारं आहे. ते फवारलं की पाणी उडून जातं आणि मीठ मागे राहतं. लाकडावर पांढरी खपली दिसू लागते, मुळांची टोकं काळी पडतात. आता आम्ही पावसाचं पाणी धरतो. पहिल्या एक-दोन सरी छत धुऊन जाऊ देतो, मग स्वच्छ ड्रममध्ये भरून झाकून ठेवतो. बरण्यांना पाणी लागतं किती? चार फवारे. एक ड्रम पुष्कळ दिवस पुरतो.

फवारा सकाळीच मारा, म्हणजे दुपारपर्यंत मुळं वाळतात. संध्याकाळी मारलं तर रात्रभर ओल राहते. झाकण घट्ट लावू नका, बोटभर फट ठेवा. झडीच्या दिवसांत झाकण काढूनच ठेवा. मूळ पांढरं होईपर्यंत फवारा बंद. उन्हाळ्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांवर जातो. तेव्हा बरणी खिडकीच्या उन्हात ठेवली तर आत रोप शिजतं. उजेड हवा, पण थेट ऊन नको. कूलरच्या खोलीत ठेवली तर चालते, फक्त त्याच्या झोताच्या तोंडाशी नको. खत द्यायचंच तर पुडीवर लिहिलंय त्याच्या पाव हिश्श्यानं, तेही मुळं वाढत असताना.

एखादं रोप बिघडलं तर लगेच फेकू नका. कात्री आधी ज्योतीवर धरून थंड होऊ द्या. मऊ, तपकिरी मुळं कापा, टणक मुळं ठेवा. एक दिवस सावलीत कोरडं राहू द्या, मग नव्या लाकडावर बांधा. उरलेल्या सहांपैकी चार रोपं आम्ही अशी वाचवली. नवीन मुळं फुटायला दोन महिने लागले.

एक गोष्ट बजावून सांगतो. आमच्याही बैठकीत कोणी म्हणालं, विकत कशाला, मेळघाटातून काढून आणू. आम्ही नाही म्हणालो. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ चा आहे, अभयारण्यातली झाडं परवानगीशिवाय काढता येत नाहीत. आणि जंगलातलं उपटलेलं रोप आपल्या बरणीत बहुधा मरतंच. रोपवाटिकेत वाढवलेलीच घ्या, बिल मागून ठेवा.

सहा हजारांतले पैसे अजून सगळे निघाले नाहीत. पापडांच्या नफ्यातून आम्ही ते गटाला थोडे थोडे परत करतो आहोत. यंदा फक्त आठच रोपं आणली. प्रत्येक बरणीची जबाबदारी एकीकडेच दिली आहे, आणि फवारा मारला की ती वहीत खूण करते. बरणी विकताना सोबत एक चिठ्ठी देतो: मूळ हिरवं असेल तर थांबा, पांढरं झालं तर पाणी द्या.

तुमच्या गटाला हे करून पाहायचं असेल तर दोन रोपांपासून सुरुवात करा. पहिला महिना रोज सकाळी मुळांचा रंग बघा. शेतात वापसा ओळखणाऱ्या बाईला बरणीतला वापसा ओळखायला वेळ लागणार नाही.