शिडाच्या नावेतून एक दिवस

(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपण बाहेरच्या विदुषींना बोलावतो. यंदा चिटणीसबाईंनी फर्मावले की घरचीच कोणीतरी बोलू दे; आणि विषयही त्यांनीच देऊन टाकला. "तुम्ही जानेवारीत त्या शिडाच्या होडीतून गेला होतात ना, तेच सांगा." म्हटले, ठीक आहे. भाषण म्हणून नव्हे, चार गप्पा म्हणून ऐका.

आपण गिरगावातल्या बायका. समुद्र आपल्यापासून दहा मिनिटांच्या चालीवर. पण त्याचा नि आपला संबंध किती? गणपती पोचवायला जायचे, नारळी पौर्णिमेला नारळ सोडायचा आणि पाहुणे आले की चौपाटीवर भेळ खायची. घारापुरीच्या लाँचमधून आपण सगळ्याच गेलो आहोत. पण त्या तासाभरात आपण शेंगा सोलल्या आणि मुलांना "कठड्यापाशी जाऊ नको" म्हणून ओरडलो, एवढेच मला आठवते. पाण्याकडे कोणी पाहिले?

आता हा योग कसा आला ते सांगते. रोटरी क्लबांच्या सभासदांपैकी ज्यांना नौकाविहाराची हौस आहे, त्यांचे एक आंतरराष्ट्रीय बंधुमंडळ आहे. ते १९४७ साली इंग्लंडात सुरू झाले आणि आज देशोदेशीच्या बंदरांत त्यांच्या शाखा आहेत. शाखेला ते 'ताफा' म्हणतात आणि अध्यक्षाला 'कमोडोर'. माझे धाकटे दीर या मंडळींपैकी. परगावचे काही सभासद मुंबईत यायचे होते. पहिल्या दिवशी संध्याकाळी स्नेहसंमेलन आणि दुसऱ्या दिवशी बंदरात नौकाविहार असा बेत होता. भावोजी म्हणाले, "वहिनी, आमच्याकडून एक जागा आहे. येता का?" सासूबाई असत्या तर त्यांनी परस्पर नाही म्हटले असते. मी हो म्हटले.

संमेलन अपोलो बंदराजवळच्या एका सभागृहात झाले. मला वाटले होते, कोट-टायवाल्या मंडळींची लांबलचक भाषणे होतील. पण भाषणे कमी आणि निशाणे फार. प्रत्येक ताफ्याचे एक लहानसे त्रिकोणी निशाण असते. पाहुण्याने आपले द्यायचे, यजमानाने आपले द्यायचे, दोघांनी हात मिळवायचे. आपल्या हळदीकुंकवाच्या ओटीसारखाच प्रकार, फक्त तांदूळ-नारळाऐवजी कापडाचा तुकडा. जेवणात सुरमई होती आणि सोलकढी होती. सोलकढी पाहुण्यांनी तीन-तीन वेळा मागून घेतली.

बायकांची संख्या बरी होती. पण बहुतेक जणी कोणाच्या तरी सौभाग्यवती म्हणून आलेल्या. त्यात नवल नाही. रोटरीत बायकांना सभासद होण्याची मुभाच मुळी १९८९ साली मिळाली. त्याआधी सभासदांच्या पत्नींनी आपली वेगळी संस्था काढली होती. मार्गारेट गोल्डिंग नावाच्या बाईंनी मँचेस्टरला १० जानेवारी १९२४ रोजी 'इनर व्हील' सुरू केले. आपल्या मंडळासारखीच ती पुढे वाढली आणि देशोदेशी पोचली. दाराबाहेर ठेवलेल्या बायका दुसरे दार बांधतात, हे सगळीकडे सारखेच दिसते.

माझ्या शेजारी न्यूझीलंडच्या एक बाई बसल्या होत्या. वय सत्तरीच्या आसपास, केस पांढरे, हात आपल्या भाजीवालीसारखे राठ. नाव त्यांची स्वतःची. यजमान बरोबर येतात ते स्वयंपाकाला, असे त्यांनीच हसून सांगितले. लिटलटन नावाचे त्यांच्याकडे एक बंदर आहे. तिथे २०१७ साली धक्क्यावर उभे राहून आपण एका हिंदी नावेचे स्वागत केले, हे त्या मला सांगू लागल्या. ती नाव म्हणजे आपल्या नौदलाची 'तारिणी'. नाव गोव्यात दिवाडी बेटावरच्या कारखान्यात बांधलेली. लांबी पन्नास-पंचावन्न फूट, म्हणजे आपल्या चाळीच्या गॅलरीएवढी धरा. वर्तिका जोशी प्रमुख, आणि प्रतिभा जामवाल, स्वाती, ऐश्वर्या बोड्डपती, विजया देवी, पायल गुप्ता या बरोबर. एकही पुरुष नाही. १० सप्टेंबर २०१७ रोजी त्या गोव्याहून निघाल्या, दक्षिण अमेरिकेच्या केप हॉर्नला वळसा घातला आणि २१ मे २०१८ रोजी पृथ्वीप्रदक्षिणा करून गोव्याला परत आल्या. पुढे त्याच नावेतून दिलना आणि रूपा या दोघीच गेल्या. हो, दोघीच. २ ऑक्टोबर २०२४ ला निघून २९ मे २०२५ ला परत. एक झोपणार, दुसरी जागणार, असे आठ महिने. आणि ११ सप्टेंबर २०२५ रोजी तर आपल्या गेटवेवरूनच तिन्ही दलांतल्या दहा जणी 'त्रिवेणी' नावेतून पृथ्वीप्रदक्षिणेला निघाल्या. त्यांच्या प्रमुख लेफ्टनंट कर्नल अनुजा वरूडकर. आपल्यापासून दोन मैलांवर ही गोष्ट घडली, आणि त्या दिवशी आपल्या भिशीत तिचा उल्लेखही झाला नाही. असो.

दुसऱ्या दिवशी सकाळी दहाला गेटवेला जमलो. शिडाच्या नावा किनाऱ्याला लागत नाहीत. त्या पाण्यात दूर बांधलेल्या असतात आणि लहान होडीतून त्यांच्यापर्यंत जावे लागते. तिथे पहिली गोष्ट म्हणजे प्रत्येकाच्या अंगात तरंगण्याचे जाकीट चढवले. साडीवर ते फार विचित्र दिसते, हे मी आधीच सांगून ठेवते. पंजाबी पोशाख आणि रबरी तळाचे बूट हेच खरे. खिशात आलेपाकाच्या दोन वड्या असाव्यात. मळमळीवर त्याच्यासारखा उपाय नाही.

आम्ही निघालो आणि अर्ध्या तासात वारा पडला. शाळेत आपण मतलई वारे आणि खारे वारे घोकले होते, ते का घोकले ते मला त्या दिवशी कळले. हिवाळ्यात मुंबईला सकाळी जमिनीवरून समुद्राकडे मतलई वाहतो. दुपारी जमीन तापली की समुद्राकडून खारा वारा सुटतो. या दोहोंच्या मधला वेळ म्हणजे सामसूम. शीड ओल्या धोतरासारखे लोंबत होते. इंजिन होते, पण कमोडोर म्हणाले, "घाई कोणाला आहे?" मग सगळे बसून राहिलो. समोर गेटवे. १९२४ साली ती कमान उघडली आणि १९४८ च्या फेब्रुवारीत शेवटचे इंग्रज सैनिक तिच्याखालूनच गेले. पाण्यावरून ती अगदी देवघराएवढी दिसते. उत्तरेला अटल सेतूची रेघ आणि दक्षिणेला कुलाब्याच्या टोकाशी १८७५ सालचे प्राँग्ज दीपगृह. त्याच्याही पलीकडे, नजरेच्या टप्प्याबाहेर, खांदेरी. १६७९ साली शिवाजीमहाराजांनी तिथे किल्ला बांधायला घेतला, तेव्हा इंग्रजांनी मुंबईहून गलबते पाठवून रसद तोडायचा प्रयत्न केला. वारा पडला की ती मोठी गलबते जागच्या जागी. आणि मायनाक भंडाऱ्याच्या लहान होड्या वल्ही मारत उथळ पाण्यातून सामान घेऊन बेटावर. इतिहासाच्या पुस्तकात हे एका ओळीत असते. आमच्यासारखे पाऊण तास ठप्प बसल्याशिवाय ती ओळ कळत नाही.

एकच्या सुमारास पाण्याचा रंग बदलला. दूरवर एक काळसर पट्टा दिसला, तो जवळ जवळ आला आणि शीड फट्ट करून भरले. नाव एका अंगावर कलली. माझ्या शेजारच्या बाईंनी रामरक्षा सुरू केली. मीही कठडा घट्ट धरला. तेव्हा भावोजींनी समजावले की नावेच्या पोटाखाली जड धातूचे पाते असते. तळाशी वजन असलेली बाहुली लोटली तरी पुन्हा उभी राहते ना, तसेच हे. कलणे म्हणजे बुडणे नव्हे.

बंदराच्या तोंडापर्यंत वारा पाठीशी होता. परत फिरलो तेव्हा तो समोर. वाऱ्याच्या तोंडावर कोणतीच नाव सरळ जात नाही. मग ती तिरपी जाते, पुन्हा वळून दुसऱ्या बाजूला तिरपी, अशी नागमोडी वाट काढते. वारा समोरचा असताना नाव पुढे जाते कशी, हे मला काही केल्या उमगेना. न्यूझीलंडच्या बाई दुसऱ्या नावेत होत्या, नाहीतर त्यांनाच विचारले असते. शेवटी कमोडोरांनी विचारले, "लहानपणी ओला चिंचोका बोटांत दाबून उडवला आहे का? इकडून वारा दाबतो, तिकडून पाणी त्या पात्याला आडवे जाऊ देत नाही. मग नावेला सटकायला एकच दिशा उरते, पुढची." हे मात्र चटकन डोक्यात शिरले.

आणि मग भावोजी म्हणाले, "वहिनी, सुकाणू धरता?"

आमच्या नावेत पाहुण्या बायका पाच. याआधी चौघींना विचारून झाले होते. चौघींनी "नको बाई" म्हटले होते. भीती मलाही होती. पण "नको बाई" हे शब्द इतक्या सहज आपल्या तोंडून येतात की कधी कधी विचार करण्याआधीच येऊन जातात. मी दांडा धरला. सुकाणूची गंमत अशी की दांडा डावीकडे लोटला की नाव उजवीकडे वळते. पुष्कळ घरांतला कारभार असाच चालतो, त्यामुळे आपल्याला सवय आहे. पहिली पाच मिनिटे नाव सापासारखी गेली. मग हाताला पाण्याची ओढ कळू लागली. झोपाळ्याची दोरी हातात असावी, तशी. एक मोठे मालवाहू जहाज येताना दिसले. नियम असा आहे की उघड्या पाण्यात इंजिनाच्या बोटीने शिडाच्या नावेला वाट द्यावी. पण अरुंद मार्गात त्या धुडाला वळता येत नाही, तिथे आपणच शहाणपणाने बाजूला व्हायचे. मी बाजूला झाले. चांगली वीस मिनिटे मी ती नाव चालवली.

आता खरे बोलायचे आहे ते सांगते. मी परत आल्यावर आपल्यातल्याच एक भगिनी माझ्याकडे आल्या. त्यांची परवानगी घेऊनच बोलते आहे. त्यांच्या मुलीला कॉलेजात एन.सी.सी.च्या नौदल विभागात नाव घालायचे आहे. तिथे शिडाची होडी शिकवतात. मुलगी रोज हट्ट करते, आई रोज नाही म्हणते. त्यांनी मला विचारले, "तुम्ही जाऊन आलात. माझ्या गळ्याची शपथ, धोका आहे की नाही?"

त्यांच्या माहेरचे एक माणूस 'रामदास' बोटीत गेले. कोकणातल्या किती घरांत ही जखम आहे! १७ जुलै १९४७, आषाढी अमावस्या. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली बोट वादळात उलटली आणि सहाशेहून अधिक माणसे गेली. रेवसच्या कोळ्यांनी होड्यांतली मासळी समुद्रात टाकून देऊन माणसे वर घेतली, असे आमच्याकडचे म्हातारे सांगत. आणि इतके जुने तरी कशाला? १८ डिसेंबर २०२४ रोजी घारापुरीला निघालेल्या प्रवासी बोटीवर नौदलाची वेगाने जाणारी बोट आदळली आणि पंधरा जीव गेले, त्यांत लहान मूलही होते. त्या बातमीनंतर आपल्या चाळीत आठवडाभर दुसरा विषय नव्हता. तेव्हा धोका नाही असे मी त्या भगिनींना सांगितले नाही. धोका आहे.

पण मी त्यांना उलट विचारले, तुमच्या मुलीला पोहता येते का? येते. उत्तम. शिकवणारे जाकीट घातल्याशिवाय होडीत पाऊल ठेवू देतात का? नाही देत. पावसाळ्यात नावा बाहेर काढतात का? काढत नाहीत. मग ती मुलगी त्या लाँचमध्ये शेंगा सोलत बसलेल्या आपल्यापेक्षा जास्त सुरक्षित आहे. आपल्याला ना पोहता येत होते, ना जाकीट कुठे ठेवले आहे हे ठाऊक होते. त्या अपघातानंतर गेटवेच्या बोटींतून जाकिटाची सक्ती झाली. तोपर्यंत आपण कोणी ते मागितले नव्हते. भीती आपण मुलीला शिकवतो, पोहायला मात्र मुलाला पाठवतो. आपल्या मंडळाच्या सभासदांपैकी पोहता येणाऱ्या किती, हे मी गेल्या महिन्यात सहज विचारत फिरले. हाताची बोटे पुरून उरली.

त्या भगिनींनी अजून फॉर्मवर सही केलेली नाही. मीही आग्रह धरलेला नाही. मुलगी त्यांची आहे. त्या आज इथे बसल्या आहेत आणि माझ्याकडे रागाने पाहत नाहीत, एवढ्यावर मी समाधानी आहे.

माझी सूचना मात्र मी कार्यकारिणीपुढे लेखी ठेवली आहे. सहलीच्या निधीतून यंदा महाबळेश्वर न करता दोन गोष्टी कराव्यात. एक, तलावावर बायकांसाठी वेगळी वेळ मागून पोहण्याचा वर्ग. तिथे आई आणि मुलगी दोघींनी यायचे, एकटी मुलगी चालणार नाही. दुसरे, पावसाळा सरून समुद्र निवळला की एक दिवस बंदरात शिडाच्या नावेने फेरी. भावोजींनी नावांची व्यवस्था पाहण्याचे कबूल केले आहे. एका नावेत सहा जणी. तारीख आपण पंचांग पाहूनच धरू, कारण अमावस्या-पौर्णिमेच्या उधाणाला मुंबईत पाणी चार मीटरांहून अधिक चढते-उतरते आणि ओढ फार असते. त्यापेक्षा अष्टमीच्या सुमाराचे भांगाचे पाणी नवख्यांना बरे. निघायचे बाराला, म्हणजे वाऱ्याची वाट पाहत बसावे लागणार नाही. डबे घरून आणायचे. नावे चिटणीसबाईंच्या वहीत लिहावीत. माझ्याखेरीज तिथे सध्या तीन नावे आहेत, आणि त्यांतले एक पंच्याहत्तर वर्षांच्या आजींचे आहे.