‘डायरेक्ट करून देतो’ म्हणणारा वायरमन

आज घरातल्या विजेबद्दल बोलू, पण एकच तक्रार धरून. पावसाळा लागला की ती घरोघरी ऐकू येते: “लाइट सारखी ट्रिप होतेय हो.”

ट्रिप होतेय, पण काय ट्रिप होतंय? डीबीचं, म्हणजे त्या बटणांच्या पेटीचं झाकण उघडून बघा. फक्त झाकण, स्क्रूला हात लावायचा नाही. अरुंद बटणं दिसतात त्या एमसीबी. तारेतून झेपेल त्यापेक्षा जास्त वीज गेली किंवा शॉर्ट झालं की त्या पडतात. रुंद असते आणि जिच्यावर ‘टी’ लिहिलेलं बारकं बटण असतं, ती आरसीसीबी. बरेच जण तिला अजून ईएलसीबीच म्हणतात. फेजने गेलेली वीज न्यूट्रलने तेवढीच परत आली का, एवढाच हिशेब ती ठेवते. घरात सहसा ३० मिलिअँपिअरची असते; तेवढी तफावत झाली की पुरवठा तोडते. ही हरवलेली वीज गीझरच्या पत्र्यातून जमिनीत गेली असेल, नाहीतर तुमच्या अंगातून. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर घेतो, म्हणून त्याला १६ अँपिअरची एमसीबी लावतात. माणसाला मारायला त्याचा किरकोळ अंशही पुरतो. त्या एमसीबीला तो दिसतसुद्धा नाही.

एमसीबी पडत असेल तर त्या लाइनवर गीझर, इस्त्री, हीटर एकत्र चालू आहेत का बघा. वारंवार पडते म्हणून मोठ्या अँपिअरची एमसीबी टाकू नका. तार तीच राहते, आणि मग तारच तापते.

आरसीसीबी पडत असेल तर शोध थोडा घरीच होतो. हात कोरडे, पायात चप्पल. सगळ्या एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, मग एकेक एमसीबी वर. जिच्यावर पडली, त्या लाइनवरच्या वस्तूंच्या पिना सॉकेटमधून उपसून काढा. नुसता स्विच बंद करून भागत नाही. स्विच फेज तोडतो, न्यूट्रल जोडलेलाच राहतो, आणि गळती तिकडूनही होते. मग एकेक वस्तू लावून बघा. गीझरचा एलिमेंट, वॉशिंग मशीन, बाल्कनीतला भिजलेला दिवा, बहुतेक वेळा यांतलंच कुणीतरी सापडतं. सगळ्या पिना काढूनही पडतेच, तर गळती भिंतीत आहे. तिथे तुमचं काम संपलं.

काही वेळा शोधायचंही नाही, थेट मेन बंद. जळका वास, गरम लागणारा स्विचबोर्ड, नळाला हात लावल्यावर मुंग्या. थ्री-फेज घरात काही दिवे भगभगीत आणि काही मिणमिणते झाले तरी तेच. न्यूट्रल सुटला असावा, आणि टीव्ही-फ्रिज मिनिटांत जळतात. बिघाड मीटरच्या पलीकडे, खांबाकडे असेल तर १९१२ला फोन.

टेस्टरवर फार विसंबू नका. सॉकेटच्या दोन्ही भोकांत पेटला तर बहुधा न्यूट्रल तुटलाय. पेटला नाही म्हणजे वीज नाही, असं मात्र धरून चालू नये.

आता माणूस. आरसीसीबी बघून जो म्हणतो, “ही मशीनच खराब आहे, डायरेक्ट करून देतो,” त्याला चहा पाजा आणि निरोप द्या. खराब असेल तर नवी बसवावी. काढून टाकणं हा इलाज नाही. इन्व्हर्टर बसवल्यावर हे फार होतं. इन्व्हर्टरचा न्यूट्रल घरच्या न्यूट्रलमध्ये मिसळून टाकतात, हिशेब जुळत नाही, आरसीसीबी पडते. इलाज न्यूट्रल वेगळे करण्याचा. त्याला वेळ लागतो, डायरेक्ट करायला पाच मिनिटं.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या सुरक्षा नियमांनुसार दिवा, पंखा, स्विच बदलण्यासारखी कामं सोडली, तर वायरिंगचं काम राज्य सरकारचा परवाना असलेल्या ठेकेदारानेच, परवानाधारक कामगाराकडून करून द्यायचं असतं. परवान्याचा नंबर मागा. चांगल्या वायरमनला त्याचा राग येत नाही. आणि विचारा, मेगर आहे का? तारेचं इन्सुलेशन मोजायचं ते यंत्र. त्याच्याशिवाय भिंतीतली गळती शोधणं म्हणजे अंदाजपंचे.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांनी अर्थिंग मोजून घ्यावंच. आरसीसीबीचं ‘टी’ बटण अर्थिंग नसतानाही काम करतं, त्यामुळे त्यावरून अर्थिंग आहे असं ठरत नाही. काम झाल्यावर मात्र वायरमनसमोर ते बटण दाबा. आरसीसीबी पडली तरच पैसे द्या. बिलावर तारेची जाडी लिहून घ्या, कुठल्या लाइनला किती अँपिअरची एमसीबी लावली तेही. पुढच्या वायरमनला ते लागेल.