चेंडूचा हिशेब

घरात नवी वस्तू आणावयाची म्हणजे प्रथम तिची किंमत विचारली जाते, मग तिचे आयुष्य, आणि शेवटी ती ठेवावयाची कोठे, हा प्रश्न निघतो. पंखा, शिवणयंत्र किंवा शीतपेटी यांच्या बाबतीत एवढी चौकशी पुरेशी असते, कारण या वस्तू घरात आल्या की आपले काम करू लागतात. मोजण्याच्या साधनांची गोष्ट निराळी आहे. थर्मामीटर ताप उतरवीत नाही आणि वजनकाटा कोणाचे वजन कमी करीत नाही. ही साधने केवळ उत्तरे देतात. ज्याच्यापाशी प्रश्न नाही, त्याला त्या उत्तरांचा उपयोग काय?

अशाच एका साधनाविषयी आज अनेक घरांतून खल चालू आहे. त्याचे नाव ‘लाँच मॉनिटर’. गोल्फचा चेंडू काठीवरून सुटतो त्या क्षणीचा त्याचा वेग, त्याच्या उड्डाणाचा कोन, त्याची दिशा आणि त्याची गिरकी मोजणारे हे यंत्र. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते व्यावसायिक खेळाडू आणि काठ्या बनविणारे कारखाने यांच्यापाशीच असे. आता त्याची लहान आवृत्ती पिशवीच्या कप्प्यात मावते, आणि म्हणूनच ते स्वतःसाठी विकत घ्यावे की घेऊ नये, हा प्रश्न साध्या खेळाडूपुढेही उभा राहिला आहे.

यमुनेच्या पूर्व तीरावरील मयूर विहार ही दिल्ली विकास प्राधिकरणाची घरे आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या इमारती यांची वसाहत. गोल्फ हा एके काळी साहेबाचा खेळ. कलकत्त्याचा क्लब 1829 मधला, मुंबईचा 1842 मधला. दिल्लीत लोदी काळातील मकबऱ्यांच्या सान्निध्यात वसलेल्या दिल्ली गोल्फ क्लबात प्रवेश मिळावा म्हणून माणसे वर्षानुवर्षे वाट पाहतात. परंतु मयूर विहारहून मेट्रोच्या निळ्या मार्गावर बसले की गाडी न बदलता नोएडात ‘गोल्फ कोर्स’ नावाच्याच स्थानकावर उतरता येते. शहराच्या दक्षिण भागात लाडो सराई येथे प्राधिकरणाचे कुतुब गोल्फ कोर्स आहे, आणि तेथे शुल्क भरून सामान्य नागरिकालाही खेळता येते. खेळ मध्यमवर्गाच्या अंगणापर्यंत आला, तसे त्याच्या साधनांचे आकर्षणही आले.

या वसाहतीतील पन्नाशी ओलांडलेला एखादा गृहस्थ डोळ्यांसमोर आणावा. मुलांची शिक्षणे संपत आलेली, गुडघे अजून शाबूत, आणि रविवारची सकाळ स्वतःची. चार वर्षे तो खेळतो आहे, पण फटका पूर्वी जाई तितकाच जातो आणि पूर्वी वळे तसाच उजवीकडे वळतो. त्याच्या मनात यंत्राची खरेदी घोळू लागते. पत्नी सहज म्हणते, “अहो, चेंडू कुठे गेला ते डोळ्यांना दिसतेच की! त्यासाठी यंत्र कशाला?”

हा आक्षेप वाटतो तितका भाबडा नाही. त्याचे उत्तर देता आले, तरच खरेदीला अर्थ आहे. चेंडू कोठे गेला हे डोळ्यांना दिसते हे खरे. पण तो तेथे का गेला, हे डोळ्यांना दिसत नाही. काठीचा आणि चेंडूचा स्पर्श जेमतेम अर्धा सहस्रांश सेकंद टिकतो. तेवढ्या अवधीत चेंडूचे सारे भवितव्य ठरते, आणि मनुष्याची दृष्टी तेथे पोहोचू शकत नाही.

ही अडचण फार जुनी आहे. एडिंबरो येथील पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक पीटर गथ्री टेट यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तिच्यावर एक मनोरंजक तोड काढली. त्यांनी चेंडूला एक लांब फीत बांधली, चेंडू मारविला, आणि फितीला किती पीळ पडले ते मोजले. त्यावरून चेंडू उडताना मागच्या दिशेने गिरक्या घेतो आणि त्या गिरकीमुळेच हवेत अधिक काळ तरंगतो, हे त्यांनी दाखविले. त्यांचे चिरंजीव फ्रेडी टेट हे 1896 आणि 1898 या दोन्ही वर्षी ब्रिटनचे हौशी अजिंक्यवीर ठरले. पित्याने चेंडूचे गणित मांडावे आणि पुत्राने तो चेंडू मारावा, असा योग क्वचितच येतो. फितीच्या त्या प्रयोगाला आजच्या यंत्राचा पणजोबा म्हणण्यास हरकत नसावी.

आजची बहुतेक लहान यंत्रे रडारवर चालतात. दूर जाणाऱ्या वस्तूवरून परतणाऱ्या लहरींची वारंवारता बदलते, हे त्यामागचे तत्त्व. ख्रिस्तियान डॉप्लर यांनी ते 1842 मध्ये, म्हणजे मुंबईचा गोल्फ क्लब निघाला त्याच साली मांडले. डेन्मार्कमध्ये 2003 साली स्थापन झालेल्या ट्रॅकमन या कंपनीने हे तंत्र गोल्फच्या चेंडूला लावले. त्या मोठ्या यंत्राची किंमत वीस हजार डॉलरच्या घरात गेली. पुढे 2021 मध्ये गार्मिन कंपनीने सुमारे सहाशे डॉलरचे छोटे यंत्र बाजारात आणले, आणि मग इतरांचीही रीघ लागली. दुसऱ्या जातीची यंत्रे वेगवान कॅमेऱ्याने चेंडूची चित्रे टिपून हिशेब करतात. त्यांना जागा कमी लागते, पण किंमत सामान्यतः अधिक पडते.

या यंत्रांचे सर्व आकडे एकाच तोलाचे नसतात. चेंडूचा वेग आणि उड्डाणाचा कोन ही लहान यंत्रेही बऱ्यापैकी विश्वासाने मोजतात. गिरकीचे तसे नाही. कित्येक स्वस्त यंत्रे ती प्रत्यक्ष मोजीत नाहीत, इतर आकड्यांवरून अनुमान काढतात. जाळीत मारलेला चेंडू ‘दोनशे दहा यार्ड गेला’ असे यंत्र सांगते, तेव्हा तो चेंडू वस्तुतः दहा फूटच गेलेला असतो. उरलेले अंतर हे गणित होय. त्यात सरावाचा चेंडू झिजलेला असला, की हिशेब आणखी सैल होतो. मोजलेले आणि अनुमानिलेले यांतील भेद न ओळखता जो आकड्यांवर श्रद्धा ठेवील, तो यंत्र घेऊनही अंधारातच राहील.

तथापि यंत्राने गोल्फच्या ज्ञानात जी भर घातली, ती लहानसहान नाही. अनेक शिक्षक वर्षानुवर्षे असे शिकवीत की, काठी ज्या मार्गाने फिरते त्या दिशेला चेंडू निघतो आणि काठीचे तोंड जिकडे असेल तिकडे तो पुढे वळतो. रडारच्या मोजणीने याच्या उलट चित्र सर्वांसमोर आणले. चेंडूची आरंभीची दिशा मुख्यतः काठीच्या तोंडावर अवलंबून असते, आणि वळण येते ते तोंड व मार्ग यांच्यातील फरकामुळे. जुन्या समजुतीप्रमाणे स्वतःला सुधारू पाहणारा मनुष्य कित्येकदा आपला दोष वाढवीत असे. परिश्रम प्रामाणिक होते, परंतु निदान चुकले होते.

दुसरे उदाहरण अंतराचे. चेंडूच्या वेगाला काठीच्या वेगाने भागले असता जो आकडा येतो, तो फटका किती नेमका बसला हे सांगतो. सर्वांत लांब काठीच्या, म्हणजे ड्रायव्हरच्या, बाबतीत हा आकडा दीडच्या आसपास गेला की त्यापुढे फारशी मजल उरत नाही. समजा, आपल्या गृहस्थाच्या काठीचा वेग ताशी 90 मैल आहे आणि चेंडू 120 मैलांनी सुटतो. भागाकार 1.33 झाला. तोच चेंडू पात्याच्या मध्यावर लागून 130 मैलांनी सुटला, तर भागाकार 1.44 होईल, आणि ठोकताळ्याने मैलामागे दोन यार्ड धरले, तरी सुमारे वीस यार्डांची कमाई होईल. ही कमाई जोर वाढवून झालेली नाही. पन्नाशीच्या मनुष्याने पाठीला ताण देऊन वेग वाढविण्यापेक्षा नेमकेपणा वाढवावा, हा धडा एका भागाकारात सामावला आहे. पाठीचे दुखणे टळले, तर यंत्राचे पैसे वसूल झाले असेही कोणी म्हणेल.

एवढे ऐकून खरेदीचा निर्णय झालाच, असे मात्र समजू नये. गोल्फमध्ये मैदानाचे प्रमाण ठरविताना प्रत्येक भोकाजवळच्या हिरवळीवर दोन हलके टोले धरलेले असतात. अठरा भोकांचे हे छत्तीस टोले झाले. बहात्तर टोल्यांच्या मैदानावर हा निम्मा हिशेब. त्या निम्म्या खेळाविषयी ही लहान यंत्रे बहुधा मौन पाळतात. वारा, उतार, ओले गवत, आणि शेवटच्या भोकाशी थरथरणारा हात यांचीही नोंद त्यांत नसते.

दिल्लीच्याच मैदानाने याची एक साक्ष ठेविली आहे. इतरांच्या काठ्यांची पिशवी वाहणारा, म्हणजे कॅडी म्हणून काम केलेला अली शेर हा खेळाडू 1991 मध्ये दिल्ली गोल्फ क्लबच्या मैदानावर इंडियन ओपन स्पर्धा जिंकला. त्यापूर्वी हा मान एकाच भारतीयाला, 1965 मध्ये पी. जी. सेठी या हौशी खेळाडूला मिळाला होता. अली शेरने 1993 मध्ये ती स्पर्धा पुन्हा जिंकली. त्या काळी असे खिशातले रडार कोणापाशीच नव्हते. दिवसामागून दिवस दुसऱ्यांचे फटके पाहणे, जमिनीचा कल पायांनी जाणणे आणि अंतर नजरेने तोलणे, ही कॅडीची शाळा असते. यंत्र जे आकड्यांत सांगते त्यातील पुष्कळसे ही शाळा अंगवळणी पाडते. मात्र त्यासाठी रोज मैदानावर असावे लागते. नोकरदार मनुष्यापाशी ती सवड नसते, आणि यंत्राच्या बाजूने सर्वांत प्रामाणिक युक्तिवाद कोणता असेल तर तो हाच. ज्याला थोडा वेळ आहे, त्याचा वेळ वाया जाऊ नये.

मग मयूर विहारच्या गृहस्थाने काय करावे? त्याने प्रथम जागेचा विचार करावा. रडारचे लहान यंत्र चेंडूच्या मागे सहा ते आठ फूट ठेवावे लागते, आणि पुढे जाळीपर्यंत निदान आठ फूट मोकळे अंतर लागते. शिवाय काठी फिरेल एवढी छताची उंची हवी. सदनिकेच्या दिवाणखान्यात हे जुळणे कठीण, आणि सज्जात तर अशक्यच. वसाहतीच्या बागेत, जेथे मुले खेळतात आणि वृद्ध फिरावयास येतात, तेथे हा कठीण चेंडू मारण्याचा विचारही मनात आणू नये. म्हणजे यंत्र वापरले जाणार ते सरावाच्या मैदानावर, ड्रायव्हिंग रेंजवर. तेथे आठवड्यातून किती वेळा जाणे होते? महिन्यातून एकदा असेल, तर वर्षाचे बारा प्रसंग झाले. यंत्राच्या किमतीत आयातीवरचे कर मिळवावेत, काही कंपन्या सर्व आकडे दाखविण्यासाठी दरवर्षी वर्गणी घेतात तीही मिळवावी, आणि आलेल्या बेरजेला बाराने भागावे. हा भागाकारही पूर्वीच्या भागाकाराइतकाच बोलका आहे.

दुसरा विचार वाचणाऱ्याचा. रक्ततपासणीचा कागद हाती आला म्हणून कोणी वैद्य होत नाही. ‘काठीचे तोंड चार अंश उघडे’ असे यंत्र सांगेल, पण ते मनगटामुळे की पकडीमुळे, की खांदे लवकर फिरल्यामुळे, हे सांगावयास जाणता शिक्षक हवा. शिकवणी आणि यंत्र यांपैकी एकच परवडत असेल, तर शिकवणी आधी घ्यावी. पुष्कळ शिक्षकांपाशी हे यंत्र असतेही, तेव्हा तासाच्या शुल्कात त्याचा लाभ मिळून जातो. चार समानधर्मी मित्रांनी मिळून एक यंत्र घेणे, हाही शहाणपणाचा मार्ग होय.

तिसरा विचार प्रश्नाचा, आणि त्याची कसोटी सोपी आहे. खरेदीपूर्वी दोन महिने एक साधी वही ठेवावी. प्रत्येक सरावानंतर तीत काठीचे नाव, मारलेले चेंडू, डावी-उजवीकडे गेलेले चेंडू आणि पावलांनी किंवा फलकांवरून जोखलेले अंतर लिहावे. दोन महिन्यांनी वही भरली आणि तिच्यातून ‘सात नंबरच्या काठीचा चेंडू उजवीकडेच का वळतो?’ असा नेमका प्रश्न उभा राहिला, तर त्या मनुष्याला यंत्र शोभेल. वही चौथ्या पानावर थांबली असेल, तर यंत्रही चौथ्या रविवारी थांबेल, आणि माळ्यावरच्या हार्मोनियमशेजारी जाऊन बसेल.

ज्या घरात सोळा-सतरा वर्षांची मुलगी किंवा मुलगा स्पर्धांची तयारी करतो आहे, आठवड्यातून चारदा मैदानावर जातो आहे आणि शिक्षकाच्या देखरेखीखाली आहे, तेथे ही खरेदी चैन नव्हे. ती पुस्तकांसारखी गरज आहे. पन्नाशीच्या हौशी खेळाडूच्या बाबतीत ती चैन ठरेल की साधन, हे त्याच्या वहीवरून ठरावे. चैन करण्यातही गैर काही नाही. मात्र चैनीला चैन म्हणावे. तिला सुधारणेचे नाव देऊन घरच्या हिशेबात लपवू नये.

सुधारणा होते ती मनुष्य आपल्या दोषाकडे न रागावता पाहू लागतो तेव्हा. फितीचे पीळ मोजणाऱ्या प्राध्यापकापाशी ही वृत्ती होती, आणि पिशवी वाहता वाहता मैदान वाचणाऱ्या कॅडीपाशीही ती होती. ती अंगी असली, तर सहाशे डॉलरचे यंत्र तिला धार लावील. आणि ती नसेल, तर वीस हजार डॉलरचे यंत्रही चेंडू रानात गेल्याचे वर्तमान दशांश चिन्हासहित कळवीत राहील.