यंत्राची ओळख कोणी करून द्यावी?



कामगार चळवळीतला माणूस व्यासपीठावर उभा राहिला की वेतन, बोनस आणि संप याखेरीज दुसरे काही ऐकावयास मिळणार नाही, अशी श्रोत्यांची समजूत असते. आज मी निराळा विषय घेतला आहे. नवा प्रोसेसर तयार झाला म्हणजे संगणक चालविणाऱ्या प्रणालीस त्याची ओळख कोण करून देतो, आणि कशी?

या प्रणालीच्या अंतर्भागास कर्नल म्हणतात. लष्करातल्या कर्नलशी त्याचा काही संबंध नाही. हा कर्नल म्हणजे बियातला गर, गाभा. स्मृतीतील जागा कोणाला द्यावयाची, प्रोसेसरपुढे कोणते काम आधी ठेवावयाचे, हे सारे गाभा ठरवितो. फिनलंडमधील लिनस टोरव्हाल्ड्स या विद्यार्थ्याने १९९१ साली लिहावयास घेतलेला लिनक्स हा असाच एक गाभा आहे. आपल्यापैकी पुष्कळांच्या खिशातील अँड्रॉइड फोन त्याच्याच जोरावर चालतो.

आता अडचण पाहा. कचेरीतील संगणकात जी कार्डे बसवितात, ती विचारले असता आपली ओळख सांगतात : निर्मात्याचा क्रमांक अमुक, माझा क्रमांक अमुक. परंतु फोनमधील एकाच चिपेवर प्रोसेसरच्या शेजारी इतर अनेक भाग कोरलेले असतात आणि त्यांतील बहुतेक मुके असतात. कोणता भाग कोणत्या पत्त्यावर राहतो हे आधी ठाऊक असेल तरच त्याच्याशी बोलता येते. भलत्या पत्त्यावर हाक मारली, तर सारे यंत्र जागच्या जागी थिजण्याचा संभव असतो.

पूर्वी आर्म जातीच्या प्रोसेसरांसाठी प्रत्येक बोर्डाची माहिती गाभ्याच्या आज्ञावलीतच लिहून ठेवीत. बोर्ड वाढले तशी ही भर वाढली. तेच ते निरनिराळ्या कंपन्या पुन्हा पुन्हा लिहू लागल्या. २०११ साली टोरव्हाल्ड्स यांनी या पसाऱ्याबद्दल उघडपणे संताप व्यक्त केला. उपाय मात्र जुनाच होता. ओपन फर्मवेअर या १९९४ च्या मानकात यंत्राचे वर्णन वृक्षाच्या रूपाने मांडण्याची पद्धत होती, आणि पॉवरपीसी प्रोसेसरांवर लिनक्सने ती वापरलीही होती. तीच डिव्हाइस ट्री आर्मने घेतली. डिसेंबर २०१२ मधील लिनक्स ३.७ पासून निरनिराळ्या कंपन्यांच्या आर्म चिपांवर एकच तयार गाभा चालविण्याची सोय झाली.

डिव्हाइस ट्री म्हणजे यंत्राची वंशावळच म्हणा ना! मुळाशी बोर्ड, त्याखाली प्रोसेसर, स्मृती आणि इतर भाग. प्रत्येकाचे नाव, पत्ता आणि गरजा. हा मजकूर माणसास वाचता येतो. त्याचे यंत्रास समजेल असे रूपांतर करतात, आणि यंत्र सुरू करणारी छोटी आज्ञावली तो स्मृतीत कोठे ठेवला आहे हे गाभ्यास सांगते.

एक उदाहरण घेऊ. २०१८ साली सायफाइव्ह कंपनीचा हायफाइव्ह अनलीश्ड हा बोर्ड आला. त्यातील चिपेत रिस्क-फाइव्ह जातीचे पाच गाडी होते. गाडी म्हणजे प्रत्यक्ष काम करणारे घटक. प्रत्येकाचे कसब अक्षरांनी लिहिले होते : आय म्हणजे पूर्णांकांचे गणित, एम म्हणजे गुणाकार-भागाकार, एफ आणि डी म्हणजे दशांशांचे गणित. चौघांपाशी हे सर्व होते. पाचव्यापाशी एफ आणि डी नव्हते. लिनक्सला लागणारी स्मृतीची व्यवस्थाही नव्हती. म्हणून वर्णनात त्याची नोंद केली, पण त्यापुढे 'कामास लावू नये' अशा अर्थाचा शेरा मारला. मस्टरवर नाव आहे, परंतु ज्या कामाची हत्यारे त्याला दिलेली नाहीत ते काम त्याच्या माथी मारलेले नाही. आमच्या कित्येक कारखान्यांत एवढा विवेक आढळत नाही!

नावाचीही एक रीत आहे. आधी खास नाव, मग घराण्याचे, मग जातीचे. गाभ्यास खास नाव अपरिचित असले, तरी तो पुढच्या नावावरून काम भागवितो. नवा प्रोसेसर जुन्या गाभ्याच्या दारातून परत जात नाही.

याहून महत्त्वाचे दोन दंडक आहेत. पहिला : यंत्र जसे आहे तसेच लिहावे, गाभ्याने काय करावे हे त्यात घुसडू नये. दुसरा : एकदा ठरलेला शब्द मागाहून असा बदलू नये की जुने वर्णन निरुपयोगी ठरेल.

हे वाचताना मला १९४६ चा स्थायी आदेशांचा कायदा आठवला. त्याने मालकास नोकरीच्या अटी लेखी ठरविणे भाग पाडले. त्या बहुसंख्य कामगारांच्या भाषेत प्रवेशद्वारापाशी लावणे भाग पाडले. त्याआधी अटी मुकादमाच्या डोक्यात असत. मुकादम बदलला की अटी बदलत.

यंत्राचेही तसेच आहे. एखाद्या कंपनीने आपल्या फोनचे वर्णन आणि त्याचे भाग चालविणारी आज्ञावली सर्वांच्या सामाईक गाभ्यात न देता स्वतःच्या प्रतीतच ठेवली, आणि काही वर्षांनी त्या प्रतीकडे पाठ फिरविली, तर धडधाकट फोन नव्या गाभ्यास अनोळखी होतो. काच शाबूत, प्रोसेसर शाबूत, आणि तरीही माल भंगारात! केवळ वर्णनाने सारे भागते असे मी म्हणत नाही. चालविणारी आज्ञावलीही लागतेच. पण वर्णनच नसेल तर दुसरा कोणी ती आज्ञावली लिहावयास बसणार तरी कशाच्या आधारे?

हा प्रश्न परक्यांचा राहिलेला नाही. मद्रासच्या आयआयटीतील शक्ती प्रोसेसरवर २०१८ साली लिनक्स चालले. सीडॅकने व्हेगा प्रोसेसर घडविले. आपले अभियंते नवे प्रोसेसर घडवीत आहेत, याचा मला अभिमान वाटतो. माझे त्यांना एवढेच सांगणे आहे की, चिप घडविली म्हणजे काम संपले असे समजू नका. तिचे खरे, पूर्ण आणि उघड वर्णन सामाईक दप्तरात जमा करा. घडविणारे हात उद्या दुसऱ्या कामास लागतील, कंपन्या बुडतील किंवा विकल्या जातील. मागे राहील ते लिहिलेलेच.