गायकाचा आजार आणि आपल्या घरातली बाई

(सारसोळे येथील बैठकीतले भाषण)

मैत्रिणींनो, कोळीवाड्यातल्या बैठकीत विलायती रॉक बँडच्या गायकाची गोष्ट कशाला, असे तुम्हाला वाटेल. पण हा मुलगा शिकला आपल्या पाचगणीत!

फारोख बलसारा. जन्म १९४६, झांझिबारचे पारशी कुटुंब. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत मित्रांबरोबर त्याने ‘हेक्टिक्स’ हा बँड काढला. तिथे तो पियानो वाजवी. १९६४ साली झांझिबारमध्ये क्रांती झाली आणि कुटुंब इंग्लंडला गेले. १९७० साली ‘क्वीन’ बँड उभा राहिला. त्याचा मुख्य गायक फ्रेडी मर्क्युरी म्हणजे हाच फारोख. १९८५ साली लंडनच्या वेम्बली मैदानात हजारो लोक त्याच्याबरोबर गात होते.

२३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने एड्स झाल्याचे जाहीर केले. दुसऱ्याच दिवशी तो गेला. वय ४५.

पैसा, नाव सगळे असूनही त्याने शेवटपर्यंत तोंड मिटून ठेवले. मग नवऱ्याकडून लागण झालेल्या बाईने कुणाजवळ बोलायचे? नवरा गेला की दोष तिलाच. आधी ताट वेगळे, मग घर बंद.

त्या वेळी नसलेली परिणामकारक औषधे आज सरकारी एआरटी केंद्रात मोफत मिळतात. २०१७ चा एचआयव्ही-एड्स कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. तिला राहत्या घरातून काढता येत नाही. तिच्या संमतीशिवाय तिचा आजार उघड करता येत नाही.

सांगायचे की नाही, हे तिने ठरवावे. तिच्या दारात उभे राहायचे काम मात्र आपले.