जोडून बाजूला होणारा धातू



वसंतातल्या या व्याख्यानमालांना इतिहासावर, संतवाङ्मयावर किंवा राजकारणावर बोलणारा वक्ता असला म्हणजे मांडव भरतो. रसायनशास्त्राचे नाव पत्रिकेवर वाचून मागच्या रांगेतल्या काही मंडळींनी घरची वाट मनाशी आखून ठेवली असेल, तर त्यांना आम्ही दोष देणार नाही. एवढीच विनंती आहे की, घरी गेल्यावर त्यांनी औषधांचा डबा उघडून पाहावा. गुडघेदुखीवरची नॅप्रोक्सेनची गोळी किंवा दमेकऱ्याला देतात ती मॉन्टेलुकास्टची गोळी त्यात बहुधा सापडेल. या दोन्ही औषधांच्या घडणीत एका दुर्मिळ धातूचा हात लागलेला असू शकतो, आणि गोळी आपल्या हाती येते तेव्हा तो धातू मात्र तिच्यात जवळजवळ नसतो. त्या धातूची, आणि त्याला कामाला लावणाऱ्या माणसांची हकीकत आज सांगावयाची आहे.

औषध म्हणजे शेवटी कार्बनाच्या अणूंची एक विशिष्ट बांधणी. घर बांधताना विटेला वीट जोडावी, तसा येथे कार्बनाला कार्बन जोडावा लागतो. हे बोलायला सोपे आहे. वस्तुतः कार्बनाचे अणू एकदा स्थिर संयुगात जाऊन बसले की, शेजारच्या कार्बनाकडे ढुंकूनही पाहत नाहीत. त्यांना चेतवण्याची एक युक्ती व्हिक्टर ग्रिन्यार या फ्रेंच रसायनज्ञाने काढली, आणि तिच्यासाठी त्यांना 1912 चे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या युक्तीत मॅग्नेशियम लागते, कोरडे ईथर लागते, आणि पाण्याचा थेंबही चालत नाही. आम्ही विद्यार्थी असताना पावसाळ्यात ही विक्रिया करीत होतो. काचेची भांडी भट्टीत तापवून घ्यावी, बुचे घट्ट बसवावी, आणि तासभर पाहत बसावे, तरी भांड्यात काही हालचाल नाही! बाहेर आषाढ कोसळत होता, आणि हवेतला ओलावा आमची मेहनत मुकाट्याने गिळत होता. कार्बनाला कार्बन जोडणे किती नाजूक काम आहे, हे आम्ही पुस्तकाआधी त्या पावसाकडून शिकलो.

आता उत्प्रेरकाकडे वळू. ही वस्तू आपल्या परिचयाची आहे. वनस्पती तूप करताना तेलात हायड्रोजन मिसळवतात, तो निकेल धातूच्या साहाय्याने. शाळेत आपण व्याख्या पाठ केली की, उत्प्रेरक विक्रियेचा वेग वाढवतो, पण स्वतः तिच्यात भाग घेत नाही. या व्याख्येचा उत्तरार्ध चुकीचा आहे. उत्प्रेरक भाग घेतो, पुरेपूर घेतो. मात्र काम संपल्यावर होता तसा परत निघतो. या दोन गोष्टींतला फरक कळण्यासाठी पॅलेडियमचे काम डोळ्यांपुढे आणावे लागेल.

पॅलेडियम हा प्लॅटिनमच्या कुळातला चंदेरी धातू. विल्यम वोलॅस्टन या इंग्रज शास्त्रज्ञाने तो 1802 साली शोधला, आणि त्याच वर्षी आकाशात सापडलेल्या पॅलास या लघुग्रहावरून त्याचे नाव ठेवले. दीडशे वर्षांनी, 1950 च्या दशकाच्या अखेरीस, जर्मनीत वाकर कंपनीच्या रसायनज्ञांनी पॅलेडियमच्या क्षाराने एथिलीनपासून ॲसिटाल्डिहाइड करण्याची पद्धत बसवली, आणि रसायनज्ञांचे या धातूकडे लक्ष गेले.

त्यांतच रिचर्ड हेक हे अमेरिकन गृहस्थ होते. जन्म 1931 चा. लहानपणी नव्या घराभोवती बाग लावताना झाडांना कोणते खत का घालावे याचे कुतूहल वाटले, आणि त्यातून रसायनाची गोडी लागली. ऑर्किडच्या फुलांचा नाद मात्र जन्मभर सुटला नाही. ते डेलावेअर राज्यातल्या विल्मिंग्टन येथे हर्क्युलीस कंपनीत नोकरीला होते. तेथे 1968 साली त्यांनी पॅलेडियमवरचे सात निबंध ओळीने प्रसिद्ध केले, आणि सातांवरही एकट्या हेक यांचेच नाव होते. पॅलेडियमच्या मध्यस्थीने बेंझिनचे कडे अल्कीनला, म्हणजे दुहेरी बंध असलेल्या संयुगाला, जोडता येते असे त्यांनी दाखविले. पण ते कडे आणावे लागे पाऱ्याच्या संयुगातून, आणि पारा हे विष! मार्ग सापडला होता, पण त्यावर काटे होते.

हे काटे दोघांनी स्वतंत्रपणे काढले. टोकियोमध्ये त्सुतोमु मिझोरोकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1971 साली दाखविले की, पाऱ्याची गरज नाही. बेंझिनच्या कड्याला आयोडीन लागलेले साधे संयुग घेतले तरी काम होते. तोवर हेक डेलावेअर विद्यापीठात गेले होते. त्यांनी आणि त्यांचे विद्यार्थी नॉली यांनी 1972 साली तीच विक्रिया अधिक सुलभ रीतीने करून दाखविली. मिझोरोकींच्या निबंधाचा उल्लेख हेक यांनी आपल्या निबंधात केला, हे येथे सांगितले पाहिजे.

भांड्यात घडते काय? कड्याला आयोडीन किंवा ब्रोमीन चिकटून बसलेले असते. पॅलेडियमचा अणू येतो आणि पंगतीत दोघांच्या मध्ये कोणी पाट मांडून बसावे, तसा कडे आणि ब्रोमीन यांच्या मध्ये जाऊन बसतो. आता कडे पॅलेडियमला धरून आहे. मग अल्कीन जवळ येते आणि आपल्या दुहेरी बंधाने पॅलेडियमला बिलगते. एकाच अणूच्या अंगणात दोघे आले की, कडे पॅलेडियमवरून सरकून अल्कीनच्या कार्बनावर जाते. हाच तो कार्बन-कार्बन बंध. एवढ्यासाठीच सारा खटाटोप! त्यानंतर अल्कीन आपला एक हायड्रोजन पॅलेडियमच्या हवाली करते, दुहेरी बंध पुन्हा उभा राहतो, आणि जोडलेला रेणू सुटून जातो. पॅलेडियमजवळ उरतात हायड्रोजन आणि ब्रोमीन. भांड्यात आधीच घातलेला अल्कधर्मी पदार्थ ते ओझे उतरवून घेतो. धातू मोकळा होतो आणि पुढच्या जोडीकडे वळतो. म्हणून पॅलेडियम अगदी थोडे पुरते: शंभर रेणूंमागे एखादा अणू, आणि चांगली व्यवस्था ठेवली तर हजारो रेणूंमागे एक. शिवाय ही विक्रिया ओलाव्याला फारशी भीत नाही. आमच्या पावसाळ्याला तिने खुशाल हसावे!

तिला दोष नाही असे नव्हे. प्रत्येक जोडणीमागे क्षाराचा एक रेणू मागे राहतो, त्याची विल्हेवाट लावावी लागते. आयोडीनची संयुगे महाग. क्लोरीनची स्वस्त, पण क्लोरीन आपली जागा सहजी सोडत नाही. ती अडचण दूर व्हायला 1990 च्या दशकाची अखेर उजाडली. तरीही नॅप्रोक्सेन करण्याच्या एका कारखानी पद्धतीत आणि मॉन्टेलुकास्टच्या घडणीत ही विक्रिया गेली. उन्हापासून त्वचा राखणाऱ्या मलमातले एक द्रव्यही तिने करता येते. टॅक्सॉल या कर्करोगावरील औषधाचा अत्यंत अवघड रेणू प्रयोगशाळेत रचताना डॅनिशेफ्स्की यांनी 1996 साली तिचाच आधार घेतला.

आणि आता गोळीतून धातू नाहीसा का व्हावा लागतो, ते पाहा. पॅलेडियम महाग आहे. 2020 साली तर ते सोन्याहूनही महाग होते. म्हणून कारखानदार ते परत मिळवतो. पण दुसरे कारण अधिक मोलाचे आहे. भांड्यातला हा उपयोगी धातू रोग्याच्या पोटात काही कामाचा नाही. म्हणून आंतरराष्ट्रीय नियमांनी मर्यादा घातली आहे की, तोंडाने घ्यावयाच्या औषधातून दिवसाला 100 मायक्रोग्रॅमहून अधिक पॅलेडियम शरीरात जाऊ नये. एक मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा भाग. जोडणे ही निम्मी विद्या झाली. जोडणाऱ्याला पूर्णपणे बाहेर काढणे ही उरलेली निम्मी. औषध स्वस्त व्हावे असे आपण सारे म्हणतो, आणि ते रास्तच आहे. पण स्वस्ताईसाठी या दुसऱ्या निम्म्या विद्येत काटकसर झाली, तर तिची किंमत रोगी मोजील. म्हणून औषधाचा भाव विचारणाऱ्या नागरिकाने त्याच्या शुद्धतेची तपासणी कोण करतो, हेही विचारले पाहिजे.

शेवटी माणसांविषयी दोन शब्द. हेक 1989 साली निवृत्त झाले. त्यांची विक्रिया जगभरच्या प्रयोगशाळांत रुजत गेली, आणि ते स्वतः पुढे पत्नीच्या देशात, फिलिपीन्समध्ये जाऊन राहिले. पहिल्या यशानंतर अडतीस वर्षांनी, 2010 साली, त्यांना नेगिशी आणि सुझुकी यांच्यासमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हा ते 79 वर्षांचे होते. मनिला येथे 2015 साली त्यांचे निधन झाले. मिझोरोकी हा समारंभ पाहायला नव्हते. ते 1980 सालीच, ऐन उमेदीत वारले, आणि नोबेल पारितोषिक दिवंगतांना देत नाहीत. रसायनज्ञ मात्र या विक्रियेला आज मिझोरोकी-हेक विक्रिया म्हणतात. पारितोषिकाच्या नियमाला जे करता आले नाही, ते धंद्यातल्या माणसांनी एका जोडनावाने केले.

ज्यांनी दोन कार्बन जोडण्याची वाट काढली, त्यांतला एक फळ यायच्या आत गेला आणि दुसऱ्याला ते उतारवयात मिळाले. दुखणारा गुडघा मात्र गोळी घेतल्यावर तासाभरात हलका होतो, आणि त्याला या दोघांपैकी कोणाचेही नाव ठाऊक नसते. निदान आज घरी जाऊन औषधांचा डबा उघडताना ती दोन नावे आपल्याला आठवावीत, एवढ्यासाठीच आम्ही आपला वेळ घेतला.