धसईत आपलं स्वागत

दंतवैद्य मित्रांनो,

स्वागत समितीच्या आणि मुरबाड-शहापूरकरांच्या वतीनं आपलं मनःपूर्वक स्वागत. लेझरवरची परिषद धसईत कशाला, असं काहींनी विचारलं. डिसेंबर २०१६ मध्ये राज्यातलं पहिलं रोकडविरहित गाव म्हणून धसईचं नाव झालं, इथल्या दुकानांतून कार्डाची यंत्रं आली. या गावाला नव्याचं वावडं नाही.

लेझरचं तर महाराष्ट्राशी थेट नातं आहे. १९६० साली थिओडोर मेमन यांनी पहिला लेझर तयार केला. पुढे चारच वर्षांत, बारामतीत जन्मलेल्या आणि पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेल्या डॉ. कुमार पटेल यांनी अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत कार्बन डायऑक्साइड लेझर शोधला. हिरड्या, जीभ, गालाचा आतला भाग यांच्या शस्त्रक्रियेत तो आजही कामाला येतो.

कीड काढणारा एर्बियम लेझर वेगळा. त्याचा प्रकाश दातातलं पाणी शोषून घेतं, ते क्षणात वाफ होऊन फुटतं आणि किडका भाग उडतो. ड्रिलची घरघर नाही, म्हणून लहान मूल खुर्चीत टिकतं. पण जुनं चांदीचं फिलिंग त्यानं निघत नाही, आणि प्रत्येकाचं भुलीचं इंजेक्शनही चुकत नाही. रुग्णाला हे आधीच सांगायला हवं. नुसत्या ‘लेझर’ शब्दावर जादा पैसे घेणं मला अजिबात मान्य नाही.

आमच्या भागाला अधिक जवळचा आहे तो डायोड लेझर. यंत्र लहान, हातात धरायला काचेचा बारीक तंतू. कापता कापताच रक्त गोठतं, त्यामुळे जिभेखालचा पडदा आखूड असलेल्या बाळापासून सुजलेल्या हिरड्यांच्या आजीपर्यंत अनेकांना त्याचा उपयोग होतो. डोळ्यांवर त्याच लेझरसाठीचा संरक्षक चष्मा मात्र डॉक्टर, मदतनीस आणि रुग्ण तिघांनाही हवाच.

इथल्या बायका आजही तव्यावर तंबाखू भाजून मिश्री करतात, सकाळी बोटानं दातांना चोळतात. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे, तरी सुपारी-तंबाखू खाऊन तोंडात दोन बोटंही आडवी जाईनात अशी तरणी पोरं आम्ही पाहतो. त्यामुळे गालात तयार होणारे ताठ पट्टे लेझरनं सोडवता येतात, पण सुपारी सुटली नाही आणि तोंड उघडण्याचे व्यायाम झाले नाहीत, तर ते पुन्हा आवळतात.

म्हणून एकच कळकळीची विनंती. तोंडातला संशयास्पद पांढरा किंवा लाल चट्टा सोय आहे म्हणून लेझरनं जाळून टाकू नका. आधी त्याचा तुकडा तपासणीला पाठवा. जळालेल्या चट्ट्यात कर्करोग होता की नाही, हे नंतर कुणालाच सांगता येत नाही. आणि परतीला लागण्यापूर्वी आसपासच्या पाड्यांवर थोडा वेळ काढून माणसांची तोंडं तपासा. सोबत यायला आम्ही तयार आहोत.